फर्निचरच्या दुकानातला पैलतीर

दुकानं उघडायच्या आधीच रांग कोपऱ्यावरच्या औषधवाल्यापर्यंत पोचलेली असायची. प्रत्येकाच्या हातात एक पिशवी आणि पिशवीत आपल्या मेलेल्या माणसाचा एखादा कपडा. कोणाचा शर्ट, कोणाची शाल. एका बाईच्या पिशवीतून शाळेच्या गणवेशाची बाही बाहेर लोंबत होती. ती दर थोड्या वेळानं ती बाही आत ढकलायची, आणि बाही पुन्हा बाहेर यायची.

आत जाऊन आलेले लोक रडत बाहेर पडत आणि रडता रडता हसत.

"दिसला?"

"दिसला हो! तोच शर्ट. तसाच एक खांदा पाडून उभा होता."

"काही बोलला?"

"ती माणसं बोलत नाहीत. त्यांच्या वतीनं नावाडी बोलतो."

रांगेतून एक सुस्कारा फिरे आणि रांग पाऊलभर पुढे सरके.

ही रांग एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानापुढची. दर्शनी काचांना आतून काळा रंग फासलेला, वर नवी पाटी: 'पैलतीर'. पाटीवर नावाड्याचं चित्र. लांब दाढी, हातात वल्हं आणि नजर कुठेतरी दूर, विम्याच्या जाहिरातीतली माणसं बघतात तशी.

हा नावाडी कोण, हे शहरात कोणाला सांगावं लागत नव्हतं. कित्येक वर्षं तो रोज संध्याकाळी घराघरात येत होता, टीव्हीवरच्या मालिकेत. मेलेल्यांना नदीपार नेणारा नावाडी. दर आठवड्याला कोणीतरी धावत काठावर यायचं, आपलं माणूस परत मागायचं, आणि नावाडी गंभीरपणे अटी सांगायचा. डोळे कोरे ठेव. अंग काळोखात झाक. स्पर्श करू नकोस. आणि काही झालं तरी मागे वळून पाहू नकोस. शुक्रवारच्या भागात माणूस परत मिळायचं. सोमवारी नवीन कोणीतरी मरायचं. मालिका संपली, पण दाढी उरली. दाढी काढली तर त्याला कोणी ओळखेना आणि ठेवली तर दुसरी भूमिका मिळेना. रस्त्यात लोक मात्र त्याचा हात धरून रडायचे, "आमच्या आजोबांना नीट पोचवलंत ना?" सुरुवातीला तो म्हणे हसायचा. मग हसायचा बंद झाला.

मी महाविद्यालयात जुन्या कथा शिकवते. मृत्यूच्या राज्यात उतरून आपलं माणूस आणायला गेलेल्यांची कथा कुठल्या कुठल्या लोकांत सापडते, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहून देते. मागे न पाहण्याची अट तर इतक्या ठिकाणी आहे की मुलं लिहून घेता घेता कंटाळतात. ही कथा एक दिवस माझ्याच घरच्या कपाटातून आईचा स्वेटर घेऊन जाईल, असं मात्र मला वाटलं नव्हतं.

आई गेल्यानंतर मी बाबांकडे राहायला आले होते. एका रविवारी कपाट आवरताना स्वेटर दिसला नाही. राखाडी, तिनं स्वतः विणलेला, डावीकडे एकच खिसा. उजवीकडच्या खिशाला लोकर पुरली नव्हती आणि तिला दुसऱ्या रंगाची चालणार नव्हती. त्या खिशात ती चष्मा ठेवायची.

"बाबा, आईचा स्वेटर कुठे आहे?"

बाबा वर्तमानपत्र धरून बसले होते. डोळ्यांवर चष्मा नव्हता. चष्म्याशिवाय त्यांना मथळासुद्धा वाचता येत नाही.

"दिलाय," ते म्हणाले.

"कोणाला?"

उत्तर आत्यानं दिलं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, ती स्वयंपाकघरात चहा करत होती आणि तिथूनच ओरडली, "नावाड्याला! कपडा आधी पलीकडे जावा लागतो गं. त्या वासावर माणूस येतं."

"आत्या, कुत्र्याबद्दल बोलतेस की माणसाबद्दल?"

"झालं! हिला सगळ्यात खुसपट काढायचं असतं. अगं, मी डोळ्यांनी पाहिलं वहिनीला. दादानं पाहिलं. तू एकदा येऊन बघ, मग बोल."

मी बाबांकडे पाहिलं. हा माणूस आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होता. आई शेवटच्या महिन्यांत अंथरुणावरून ती मालिका बघायची, तेव्हा हाच माणूस शेजारी बसून नावाड्याची टिंगल करायचा. "बघ, होडी चाकांवर चाललीये. पाण्याला लाट कुठे आहे?" आणि आई म्हणायची, "गप्प बसा हो, तो मुलगा रडतोय तिकडे."

"बाबा, तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं," ते म्हणाले आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं.

त्याच आठवड्यात त्यांची डोळ्यांची तपासणी होती. बाबांना काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडेनं विझत येते. डॉक्टर त्यांची जुनी विद्यार्थिनी, माझ्याच वर्गातली. तिनं यंत्रातून बराच वेळ पाहिलं, दिवा बंद केला आणि खुर्ची मागे सरकवली.

"सर, थेंब घालताय ना?"

बाबांनी हनुवटी यंत्रावरून उचलली आणि खिशातला रुमाल शोधू लागले.

"सर, मी तुमच्याकडून शिकले की मोजमाप खोटं बोलत नाही. दाब खूप वाढलाय. डाव्या डोळ्याची बाहेरची बाजू गेलीये. गेली ती गेली, ती आता कशानंही परत यायची नाही. उरलीये ती राखता येईल. पण थेंब रोज पडले तर. नाहीतर वर्षभरात तुम्हाला दाराची चौकट हातानं शोधावी लागेल."

"नावाड्यानं मनाई केली आहे," बाबा शांतपणे म्हणाले. "कोरे डोळे लागतात. चष्मा नाही, औषध नाही."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. ती रागावली की तिचा आवाज बारीक होतो.

"माझ्याकडे असे आणखी पेशंट आलेत," ती म्हणाली. "एकानं मोतीबिंदूचं ऑपरेशन रद्द केलं. मला वाटलं, बिचारे अडाणी आहेत. आता सरच!"

मी ठरवलं, बाबा आणि आत्याबरोबर जायचं.

आत शिरल्यावर पहिली खोली प्रतीक्षेची. सोफे दुकानाचेच, अजून प्लास्टिक न काढलेले, त्यामुळे दुःखात कोणी हललं की कर्रकर्र आवाज व्हायचा. पांढऱ्या कपड्यांतली एक हसतमुख मदतनीस सगळ्यांना पाणी देत फिरत होती. ती आत्याच्या शेजारी टेकली.

"वहिनी का तुमच्या? फार जवळच्या असतील."

बस. आत्याला एवढंच पुरतं.

"जवळच्या म्हणजे? माझ्या लग्नात सगळं तिनंच केलं. स्वभावानं अशी की झोपायच्या आधी दहादा गॅस बघायची. दादाला विचारायची, 'गॅस बंद केलात ना?' आणि तरी उठून स्वतः बघून यायची..."

मदतनीस मान हलवत होती, डोळे ओले करत होती आणि पुढच्या ग्लासासाठी आत जात होती. मी आत्याचा हात दाबला.

"काय गं? माणुसकीनं विचारतेय ती!"

आमचं बोलावणं आलं. एका बाजूच्या दारानं आम्हाला अंधारात नेलं. अंगावर डोक्यापासून काळ्या चादरी घालायला दिल्या, जिवंतांना पाहून गेलेली माणसं बावरतात म्हणून. चष्मे आणि फोन एका टोपलीत गेले, पैशांचं पाकीट दुसरीत. चाचपडत आम्ही एका बाकावर बसलो. बाकापुढे होडीचं टोक होतं, प्लायवूडचं, मालिकेतलंच असावं; हाताला खिळा लागला. कुठूनतरी पाण्याचा आवाज सुरू झाला आणि मागोमाग मालिकेचं पार्श्वसंगीत. माझ्या शेजारी आत्यानं बाकाची कड घट्ट धरली. खरं सांगायचं तर मीही. हे सूर आईच्या आजारपणाचे होते.

"पांथस्थांनो," अंधारातून आवाज आला. "नदीला नाव नसतं. नदीला गाव नसतं. नदी एकच विचारते, तू किती आसवं आणलीस?"

आवाजाला घुमारा होता. तो घशातला नव्हता, यंत्रातला होता. 'स' आला की बारीक शिट्टी वाजायची.

"समोर बघा. फक्त समोर. मागे वळाल तर ती कायमची हरवेल. जगाच्या आरंभापासूनचा हा नियम आहे."

नियम सांगताना त्याला जोर द्यावा लागला नाही. आम्हा तिघांनाही तो लहानपणापासून पाठ होता. आजीनं सांगितलेल्या गोष्टीत होता, पडद्यावर होता, जाहिरातींतसुद्धा होता. त्यानं फक्त आमच्याच मनातलं कुलूप आम्हाला दाखवलं आणि आम्ही मुकाट्यानं ते लावून घेतलं.

मग समोर, दूरवर, धुक्यात उजेड आला. हळूहळू त्यात एक बाई उभी राहिली. राखाडी स्वेटर. मान किंचित खाली. ती हवेतच उभी होती, तिच्या आरपार अंधार दिसत होता.

माझ्या तोंडून "आई" निघालं. ते मी लपवणार नाही. मी बरीच पुस्तकं वाचली आहेत, पण त्या क्षणी एकही जवळ नव्हतं.

"ती विचारते," नावाडी म्हणाला, "गॅस बंद केलात ना?"

बाबांचे खांदे चादरीखाली हलू लागले.

त्या वाक्यानं मी जागी झाले. मदतनीस, पाण्याचे ग्लास, आत्या. मी डोळे पुसून नीट पाहिलं. चेहरा पुसट होता, पण स्वेटर स्पष्ट. खिसा. खिसा उजवीकडे होता. आईचा खिसा डावीकडे होता.

उजेड विझला. आम्हाला बाहेर आणलं. आत्या रडत होती, हसत होती, रांगेला सांगत होती, "आली! स्वेटर घालून आली!" आणि रांग पाऊलभर पुढे सरकली.

मी तशीच दवाखान्यात गेले. डॉक्टरला सगळं सांगितलं. खिशाचं ऐकल्यावर तिनं हातातलं पेन खाली ठेवलं.

"मेणबत्ती आठवते?"

आठवत होती. बाबांच्या वर्गातला सगळ्यांचा आवडता प्रयोग. अंधाऱ्या वर्गात टेबलावर एक उभी काच. काचेच्या अलीकडे, खोक्याआड लपवलेली पेटती मेणबत्ती. पलीकडे पाण्याचा ग्लास. मुलांना मेणबत्ती दिसायची पाण्याच्या आत, जळताना. मुलं ओरडायची. मग बाबा खोकं उचलायचे.

"आरशात डावं उजवं होतं," डॉक्टर म्हणाली. "तुझी आई पलीकडे नव्हतीच. तुमच्या पाठीमागे कोणीतरी स्वेटर घालून उभं होतं. समोर दुकानाची जुनी काच आणि तिच्यामागे अंधार. काळ्या चादरी का? तर काचेत तुम्ही दिसू नये म्हणून. चष्मा का नको? तर चेहरा दिसू नये म्हणून. आणि मागे का बघायचं नाही..."

तिनं पेन पुन्हा उचललं. मग म्हणाली, "हलकट माणूस आहे. पण हुशार."

पुढच्या खेपेला आम्ही चौघं गेलो. दुकानातल्यांपुरती डॉक्टर माझी चुलत बहीण झाली. बाबांना मी काही सांगितलं नव्हतं. प्रतीक्षेच्या खोलीत गणवेशवाली बाई आमच्या शेजारी होती. तिचा कपडा मागच्या वेळी पलीकडे गेला होता, आज आमच्यानंतर तिची पाळी.

"खूप उंच झाला असेल का हो?" तिनं मला विचारलं. "की तेवढाच असतो तिकडे?"

आमचं बोलावणं आलं म्हणून सुटले.

पुन्हा काळोख, चादरी, प्लायवूड, पाणी. पुन्हा समोर राखाडी स्वेटर उजळला. आणि नावाडी "पांथस्थांनो" म्हणाला तेव्हा मी बाकावरून उठले आणि मागे वळले.

मागे काळ्या जाळीचा पडदा होता. पडद्यापलीकडे एका चौरंगावर माझ्याच वयाची एक बाई उभी होती, पायांत मोजे, खालून दिव्याचा झोत. आईचा स्वेटर तिला दंडाला घट्ट होत होता. ती दचकली, आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली,

"अहो, मागे बघायचं नसतं."

डॉक्टरनं आत येतानाच भिंतीवरची बटणं चाचपून ठेवली होती. तिनं सगळी एकदम दाबली. ट्यूबलाइट फडफडून लागले. समोरचा पैलतीर गेला. तिथं एक मोठी काच होती, तिच्यामागे दुकानाचं जुनं ऑफिस: मोडक्या खुर्च्या, एक फायलींचं कपाट, भिंतीवर जुनं कॅलेंडर. दाढीवाला कोपऱ्यात माईक धरून उभा होता, पायांत रबरी चपला.

डॉक्टरनं दार सताड उघडलं. "या! सगळे आत या! बघा तुमची माणसं कुठून येतात!"

लोक आले. आता हे लोक चिडतील, दाढी धरतील, असं मला वाटलं होतं. पण नावाड्याला त्याचा धंदा माझ्यापेक्षा चांगला कळत होता. त्यानं माईक फेकला, माझ्याकडे बोट केलं आणि मालिकेतल्याच आवाजात गरजला:

"हिनं मागे पाहिलं!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. त्या क्षणी मला कळलं की मी त्याची फसवणूक उघडी पाडत नव्हते. मी त्याच्या गोष्टीतलं एक पात्र झाले होते. मागे पाहणारं माणूस. त्याच्यामुळेच सगळं हरवतं, हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं.

"अगं बये, काय केलंस हे!" कोणीतरी ओरडलं.

"आमची पाळी होती!"

डॉक्टर काचेवर बोटं वाजवत होती, टण् टण्. "काच आहे ही! ऐका तरी! दिवा मालवते, एकेकानं चौरंगावर उभं राहा, तुमचं तुम्हाला दिसेल!" तीन-चार जण पुढे गेले. दिवे मालवले, झोत लावला. एक तरुण चौरंगावर चढला, त्याची बायको बाकावर बसली, आणि तिला आपला जिवंत नवरा धुक्यात तरंगताना दिसला. ती किंचाळली. मग ती शिव्या देत नावाड्याकडे धावली. हळूहळू बरेच जण तिच्यामागे गेले. दाढी खरी होती, ओढल्यावर कळलं.

स्वेटरवाली बाई तोवर चौरंगावरून उतरली होती. तिनं स्वेटर काढून नीट घडी घातली.

"घ्या ताई. खराब नाही केला. इथे फार गार असतं हो."

"तुम्ही मालिकेत होतात?"

"गर्दीत. मेलेल्यांच्या." ती थोडं हसली. "तिथेही बोलायचं नसायचंच."

गणवेशवाली बाई भिंतीला टेकून उभी होती. गोंधळ तिच्यापर्यंत पोचतच नव्हता. मी तिच्याजवळ गेले. मी तिला सांगितलं की जुन्या कथा मी शिकवते, आणि बहुतेक कथांत माणूस आणायला गेलेला रिकाम्या हातानंच परत येतो. ती कथा लोकांनी रचली तीच हे सांगायला की गेलेलं माणूस येत नाही, कितीही प्रेम असलं तरी येत नाही. टीव्हीवाल्यांनी अट ठेवली आणि शेवट काढून टाकला, कारण रिकामे हात पाहायला शुक्रवारी कोणी बसत नाही. मी हे सगळं चांगल्या, समजेल अशा भाषेत सांगितलं.

तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

"तुमची आई तुम्हाला दोनदा दिसली," ती म्हणाली. "माझा मुलगा आज येणार होता. तुम्ही त्याला दुसऱ्यांदा मारलंत."



आणि बाबा? सगळी खोली मागे वळून त्या चौरंगाकडे बघत होती, तेव्हा ते एकटे बाकावर तसेच बसून होते. काळी चादर अंगावर, तोंड काचेकडे. काचेत आता फक्त मोडक्या खुर्च्या होत्या.

घरी आल्यावर मी चहा केला. आत्या आपल्या घरी निघून गेली होती, जाताना एवढंच म्हणाली, "मला मेलीला आधी सांगितलं असतंस तर त्या पाणीवालीपुढे तोंड तरी बंद ठेवलं असतं." मी बाबांसमोर बसले आणि टेबलावरची काचेची तबकडी उभी धरली.

"बाबा, मेणबत्ती आठवते? खिसा जो उजवीकडे..."

"मला परावर्तन शिकवतेस?"

मी तबकडी खाली ठेवली.

"पहिल्याच खेपेला कळलं," ते म्हणाले. "खिसा बघायचीही गरज नव्हती. काचेला एका कडेला चरा आहे, झोत लागला की धूसर डोळ्यांनाही चमकतो."

"आणि तरी तुम्ही जात राहिलात? डोळे घालवलेत? त्या भामट्यानं सांगितलं म्हणून थेंब बंद केलेत?"

"त्यानं सांगितलं म्हणून नाही. तिच्यानंतर मी ते घातलेच नव्हते. त्याची मनाई बरी पडली. डॉक्टरांना सांगायला कारण झालं."

त्यांनी चहाचा कप बशीत फिरवला. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं नसतं.

"थेंब ती घालायची," ते म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ. मान मागे टाकायची, वर ती वाकलेली. 'मिटू नका' म्हणायची आणि मी मिटायचो, मग रागवायची. थेंब पडला की सगळं विरघळतं थोडा वेळ. तिचा चेहरा असा पाण्यात... तो दिसायचा मला, रोज दोनदा. ती गेल्यावर एकदा बाटली उघडली. मान मागे टाकली. वर छत होतं."

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती लागत नव्हती.

"त्या दुकानात चष्मा काढून बसलं की त्या बाईचा चेहरा तसाच विरघळायचा. कोणाची का असेना. मला माहीत होतं कोण आहे. मला माहीत होतं सगळं." त्यांनी डोळे चोळले. "माहीत असून काय करायचं, ते कुठल्या पुस्तकात असलं तर सांग."

मी उठून फ्रिजमधून थेंबांची नवी बाटली आणली, सील तोडलं आणि त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिले.

"मान मागे टाका."

त्यांनी टाकली आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"बाबा, मिटू नका."

"तिच्यासारखं बोलू नकोस."

"बरं. मग मिटून बसा. मला घाई नाही."

मी हात तसाच धरून उभी राहिले. हात अवघडला. एकदा वाटलं, राहू दे, म्हातारा माणूस आहे, असेल नसेल तेवढं धूसर त्याचं त्याला राहू दे. कोणाचं काय जातं? पण जात होतं. दाराची चौकट जात होती, रस्ता जात होता, मीही जात होते, कडेकडेनं.

त्यांनी डोळे उघडले. थेंब पडला, मग दुसऱ्या डोळ्यात दुसरा. पाणी गालांवरून कानात गेलं. औषध किती आणि बाकीचं किती, ते मी पाहिलं नाही. थोड्या वेळानं ते म्हणाले, "चष्मा दे." तो घालून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

"किती वाळलीस तू," ते म्हणाले.

नावाडी खटल्यातून सुटला. सोंग घेणं हा अभिनेत्याचा पेशाच आहे, असं त्याचा वकील म्हणाला. आता तो दुसऱ्या शहरात आहे असं ऐकते, आणि गणवेशवाली बाई बसनं तिकडे जाते असंही ऐकते. उद्या तो तुमच्या शहरातही येईल. कदाचित होडीऐवजी दुसरं काही असेल, झाड असेल, विहीर असेल, फोनमधला आवाज असेल. गोष्ट जुनीच असेल, कारण जुनी गोष्ट पटवून द्यावी लागत नाही. त्याच्याशी वाद घालू नका, वादात तो जिंकतो. फक्त त्याचा प्रत्येक नियम हातात घेऊन विचारा की हा नियम मोडला तर नुकसान कोणाचं होतं, मेलेल्याचं की त्याचं. चष्मा घालून जा. दिवा लावा. आणि तुमचं कोणी गेलं असेल तर ते गेलं आहे, हे मोठ्यानं म्हणा. फार कठीण असतं ते, मी म्हणून पाहिलं आहे. पण त्याच घरात, त्याच टेबलाशी, कोणीतरी अजून बसलेलं असतं आणि त्याच्या डोळ्यांचा दाब वाढत असतो. तो मोजता येतो. तो आजच मोजून घ्या.